पदक्रम, सन्निधी आणि दूरान्वय

उत्तरपत्रिकेच्या समासात लाल शाईने लिहिल्या जाणाऱ्या शेऱ्यांपैकी 'वाक्यरचना सदोष' हा शेरा सर्वांत सोयीचा आहे. त्यात परीक्षकाला काही सिद्ध करावे लागत नाही आणि विद्यार्थ्याला त्यातून काही कळत नाही. लिंग चुकले, वचन चुकले, विभक्तिप्रत्यय गळला, वाक्य फार लांबले, क्रियापद अनपेक्षित जागी आले, किंवा परीक्षकाच्या कानाला ते वाक्य नुसतेच अनोळखी वाटले, तरी शेरा हाच. एका शेऱ्याखाली इतक्या निरनिराळ्या गोष्टी नांदतात, याचा अर्थ वाक्यरचना म्हणजे नेमके काय, याविषयी आपणच फारसे स्पष्ट नाही.

मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. माझ्या वर्गात वऱ्हाडी बोलणारी मुले असतात, उर्दू आणि हिंदी बोलणारी असतात, गोरमाटी बोलणारी असतात. आणि धारणी-चिखलदऱ्याकडून येणारी, घरी कोरकू बोलणारी मुलेही असतात. काही वर्षांपूर्वी मूल्यांकनाच्या कामात, या मुलांच्या मराठीचा विषय निघाला असता, एक ज्येष्ठ सहकारी सहज म्हणाले होते, "अहो मॅडम, यांची मूळ भाषाच उलटी, मग मराठी वाक्य सरळ कसं येणार?" त्यांच्या म्हणण्यात दुष्टावा नव्हता. पण त्या सहज विधानावर काही मुलांचे गुण आणि काहींचे पुढचे शिक्षण अवलंबून असते. म्हणून 'उलटी' भाषा म्हणजे काय, हे समजून घ्यावेसे वाटले. त्या शोधात जे वाचनात आले, ते साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिली गोष्ट वस्तुस्थितीची. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील भाषा. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. परंतु तिचे वाक्य मराठीसारखेच चालते: आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. नामाशी संबंध दाखवणारे शब्द मराठीतल्या शब्दयोगी अव्ययांप्रमाणे नामाच्या नंतर येतात. मग ही मुले मराठीत अडखळतात ती कोठे? माझ्या अनुभवात ती प्रामुख्याने लिंगाच्या जागी अडखळतात. मराठीतील तीन लिंगे विशेषणात, क्रियापदात, 'चा-ची-चे'मध्ये सर्वत्र झिरपलेली असतात. कोरकूत पुल्लिंग-स्त्रीलिंग असा व्याकरणिक भेद नाही. तेथे भेद आहे तो सजीव आणि निर्जीव यांचा. 'माझा पुस्तक' असे लिहिणाऱ्या मुलाची वाक्यरचना निर्दोष असते. चुकतो तो लिंगाचा मेळ. तो शिकवता येतो, आणि त्यासाठी मुलाच्या भाषेला उलटी म्हणण्याची गरज नसते.

आता 'सरळ' आणि 'उलटे' यांविषयी. आपला पदक्रम हाच विचाराचा नैसर्गिक क्रम आहे, असे वाटणे हा मोठा जुना भ्रम आहे. १७८४ मध्ये रिव्हारोल या फ्रेंच लेखकाने बर्लिनच्या अकादमीच्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या निबंधात फ्रेंच भाषेचे श्रेष्ठत्व याच आधारावर मांडले होते. आधी कर्ता, मग क्रिया, मग कर्म हा सर्व मानवांच्या तर्काचा क्रम आहे आणि फ्रेंच तेवढी त्याला एकनिष्ठ राहिली, असा त्याचा युक्तिवाद. या न्यायाने मराठी, तमिळ, जपानी, तुर्की या साऱ्या भाषा तर्कदुष्ट ठरतील. आपल्याकडे शाळेत इंग्रजी शिकवताना 'इंग्रजीत सगळे मराठीच्या उलटे असते' असे सांगतात, तेव्हा आपण रिव्हारोलचीच खुर्ची दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवत असतो.

या प्रश्नाला मतांच्या प्रांतातून काढून मोजणीच्या प्रांतात नेले ते जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने. १९६१ मधील एका परिषदेत वाचलेला आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो. निरनिराळ्या कुळांतील आणि खंडांतील केवळ ३० भाषा त्यांनी निवडल्या. त्यांत हिंदी आणि कन्नड होत्या, मराठी नव्हती. या भाषांवरून त्यांनी ४५ वैश्विक नियम मांडले. 'सर्व भाषांत अमुक असते' अशा स्वरूपाची विधाने त्यांत आहेत, पण त्यांची खरी देणगी दुसऱ्या प्रकारच्या विधानांत आहे: 'एखाद्या भाषेत अमुक असेल तर तमुकही असते'. भाषेच्या दोन वरवर असंबद्ध वाटणाऱ्या अंगांमध्ये गाठ असते, हे त्यातून दिसले.

कर्ता, कर्म आणि क्रियापद या तीन पदांचे क्रम तर्कतः सहा होऊ शकतात. सहाही क्रम सारख्याच प्रमाणात आढळायला हवेत. पण तसे होत नाही. जगातील भाषांच्या रचनांचा जो मोठा नकाशासंग्रह २००५ पासून उपलब्ध आहे, त्याच्या नंतर वाढवलेल्या आवृत्तीत मॅथ्यू ड्रायर यांनी सुमारे १,३७५ भाषांचा पदक्रम नोंदवला आहे. त्यांपैकी साडेपाचशेहून अधिक भाषा मराठीसारख्या कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाच्या आहेत. पाचशेच्या किंचित आत भाषा इंग्रजीसारख्या कर्ता-क्रियापद-कर्म या क्रमाच्या. वेल्श, आयरिश किंवा अभिजात अरबीप्रमाणे क्रियापदाने आरंभ करून मग कर्ता आणि कर्म आणणाऱ्या भाषा शंभराच्या आत. मलागासीप्रमाणे क्रियापद-कर्म-कर्ता असा क्रम असणाऱ्या जेमतेम पंचवीस. कर्म आधी आणि कर्ता नंतर आणणारे उरलेले दोन क्रम मिळून पंधरा-सोळा भाषांत सापडतात. जवळजवळ दोनशे भाषांत कोणताही एक क्रम प्रबळ नाही. म्हणजे मोजणीने पाहिले, तर पृथ्वीवरील सर्वांत अधिक आढळणारा क्रम आपला आहे. त्याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही, पण त्याला उलटा म्हणण्याचेही नाही.

ग्रीनबर्ग यांच्या ३० भाषांत कर्मापासून सुरू होणारी एकही भाषा नव्हती. असे क्रम जवळजवळ अशक्यच असावेत, असे पुढे काही काळ मानले गेले. १९७७ मध्ये डेस्मंड डर्बीशायर यांनी ब्राझीलमधील अॅमेझॉनच्या खोऱ्यातील हिश्कार्याना या छोट्या भाषेचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा नेहमीचा क्रम कर्म-क्रियापद-कर्ता असा आहे. 'माणसाने वाघ मारला' हे तेथे 'वाघ मारला माणसाने' या क्रमाने येते, आणि त्यात कसलाही जोर किंवा काव्य नसते. एका लहानशा समाजाच्या बोलण्याने एका सिद्धान्ताला मर्यादा घातली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लहान भाषा जपण्याची जी कारणे आपण भाषणांतून सांगतो, त्यांत हे कारण क्वचितच येते.

आता त्या गाठींकडे पाहू. 'टेबलावरच्या पुस्तकाच्या पानावर' हा साधा मराठी पदबंध घ्या. इंग्रजीत तो 'ऑन द पेज ऑफ द बुक ऑन द टेबल' असा होतो. मराठीत शेवटी असलेले 'वर' इंग्रजीत पहिले आहे. मग पान, मग 'चे', मग पुस्तक, मग पुन्हा 'वर' आणि शेवटी टेबल. एकाचे आरशातले प्रतिबिंब म्हणजे दुसरे. आता जपानी घ्या: 'त्सुकुए नो उए नो होन नो पेजी नि'. त्सुकुए म्हणजे मेज, उए म्हणजे वरचा भाग, होन म्हणजे पुस्तक, पेजी हे इंग्रजीतून गेलेले पान, 'नो' म्हणजे आपला 'चा' आणि 'नि' म्हणजे सप्तमीसारखा प्रत्यय. मराठीवर जपानी ठेवली, तर रकाने जुळतात. तुर्कीतही तसेच: 'मासादाकी किताबिन सायफासिन्दा'. यातील किताब आपल्या ओळखीचीच आहे.

मराठी, जपानी आणि तुर्की यांचा एकमेकींशी कुळसंबंध नाही. तरी क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या या तिन्ही भाषा षष्ठीचे पद नामाआधी ठेवतात, अव्यय नामानंतर ठेवतात, साहाय्यक क्रियापद मुख्य क्रियापदानंतर ठेवतात ('करत आहे'), आणि तुलनेत 'रामापेक्षा मोठा' असा क्रम ठेवून जिच्याशी तुलना करायची ती वस्तू आधी आणतात. ग्रीनबर्ग यांनी सांगितलेल्या गाठी त्या याच. त्यांचा एक नियम तर विशेष लक्षणीय आहे: क्रियापद शेवटी असलेल्या भाषांत बहुधा विभक्तिव्यवस्था असते. याचे कारण पुढे पाहू.

अर्थात या गाठी सर्वत्र सारख्या घट्ट नाहीत. ड्रायर यांनी १९९२ मध्ये ६२५ भाषा तपासल्या, तेव्हा विशेषण आणि नाम यांच्या क्रमाचा क्रियापदाच्या जागेशी संबंधच नाही असे आढळले. बास्क भाषेत क्रियापद शेवटी येते, पण विशेषण नामानंतर; इंग्रजीत क्रियापद मध्ये, पण विशेषण नामाआधी. सर्वांत बोलका अपवाद फारसीचा. तिचे क्रियापद शेवटी, पण अव्यय नामाआधी, आणि षष्ठीचे पद नामानंतर. ही रचना मराठीला अपरिचित नाही. 'दरसाल', 'दरमहा' यांतील 'दर' हे फारसी अव्यय नामाच्या आधी बसते. 'कसबे पुणे', 'मौजे अमुक' या कागदोपत्रीच्या शब्दयोजनेत गावाचा प्रकार आधी आणि नाव नंतर येते, ती फारसी इजाफतीची रचना आहे. मराठीच्या अंगभूत चालीने 'पुणे कसबा' व्हायला हवे. राज्यकारभाराने आपल्या दप्तरात एक परका क्रम आणून ठेवला आणि तो सातबाऱ्यापर्यंत पोचला. पण तो बोलण्यात पसरला नाही.

या गाठी पडतात कशामुळे? एक उत्तर इतिहासाचे आहे, आणि ते मराठीतून छान दिसते. आपली शब्दयोगी अव्यये आली कोठून? 'मुळे' हे 'मूळ' या नामातून, 'मध्ये' हे 'मध्य'मधून, 'करिता' हे 'करणे' या क्रियापदातून. 'झाडाच्या मागे' या पदबंधात 'मागे'चे जुने नामपण अजून जाणवते. ज्या भाषेत षष्ठीचे पद आधी आणि नाम नंतर येते, त्या भाषेत ते नाम झिजून अव्यय झाले, तरी नंतरच राहणार. ज्या भाषेत कर्म आधी आणि क्रियापद नंतर, तेथे क्रियापद झिजून झालेले अव्ययही नंतरच. म्हणजे येथे गूढ नियम काही नाही. एका पिढीची वाक्यरचना पुढच्या पिढीचे प्रत्यय घडवते, एवढेच.

दुसरे उत्तर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याच्या श्रमाचे आहे. जॉन हॉकिन्स यांनी ते विस्ताराने मांडले: ज्या शब्दांचा परस्परांशी संबंध आहे, ते जवळ असतील तर वाक्य उलगडायला सोपे जाते आणि भाषा आपापल्या परीने हे अंतर कमी करत राहतात. २०१५ मध्ये रिचर्ड फ्यूट्रेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ भाषांतील वाक्यांचे मोजमाप करून दाखवले की, शब्द यादृच्छिक रीतीने मांडले असता संबंधित शब्दांत जे अंतर पडेल, त्यापेक्षा प्रत्यक्ष वाक्यांतील अंतर या सर्व भाषांत कमी असते.

हे वाचताना साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला एक ओळखीचा शब्द आठवावा: सन्निधी. आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तिन्हींशिवाय पदसमूहाचे वाक्य होत नाही, असे आपले मीमांसक आणि नैयायिक सांगत आले. एक पद पहिल्या प्रहरी आणि दुसरे पुढच्या प्रहरी उच्चारले तर त्यांतून वाक्यार्थ निघणार नाही, असे ते म्हणत. त्यांचा भर उच्चारातील कालान्तरावर होता. आजचे संशोधक शब्दांचे अंतर मोजतात. दोन्ही एकच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण प्राचीनांचा प्रश्न वाक्यार्थबोधाचा होता, भाषाभाषांच्या तुलनेचा नव्हता. पण दोन्हींच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे: ऐकणाऱ्याची स्मृती मर्यादित असते. आणि मराठी शैलीच्या चर्चेत ज्याला आपण दूरान्वय म्हणतो, तो या मर्यादेचाच भंग.

एक उदाहरण घेऊ. 'मी तिला रद्दीच्या दुकानात दोन तास खपून शोधून काढलेले एक जुने पुस्तक दिले.' व्याकरणदृष्ट्या या वाक्यात काही चूक नाही. तरी 'रद्दीच्या दुकानात दोन तास खपून शोधून काढलेले एक जुने पुस्तक मी तिला दिले' हे अधिक सुखाने वाचले जाते. पहिल्यात 'मी' आणि 'तिला' ही दोन पदे क्रियापदाची वाट पाहत खोळंबतात. दुसऱ्यात लांब पदबंध आधी उरकला जातो आणि छोटी पदे क्रियापदाला बिलगून येतात. इंग्रजीत नेमके याच्या उलट, लांब पदबंध शेवटी ढकलण्याकडे कल असतो. म्हणून इंग्रजी परिच्छेद जसाच्या तसा क्रमाने मराठीत उतरवला की वाक्य दमते. याला भाषेचा 'आत्मा' वगैरे म्हणण्याचे कारण नाही. हे हिशोबाचे काम आहे.

मग प्रश्न असा की, क्रियापद शेवटी ठेवल्यावर आधीची सर्व पदे त्याच्यापासून दूरच पडणार. एवढ्या भाषा हा भार का सोसतात? फ्यूट्रेल यांच्या मोजणीतही जपानी, कोरियन, तुर्की यांसारख्या भाषांत अंतराची काटकसर तुलनेने कमी दिसली. येथे ग्रीनबर्ग यांचा विभक्तीविषयीचा नियम उपयोगी पडतो. मराठी वाक्य 'शिक्षकाने' या पदाने सुरू झाले, की ऐकणाऱ्याला कळते की पुढचे क्रियापद बहुधा सकर्मक असून भूतकाळी पूर्ण झालेल्या क्रियेचे असेल, किंवा 'वाचावे'सारखे विध्यर्थी असेल. 'वाचतो' येणार नाही. 'शिक्षक' म्हटले की अपेक्षा बदलते. 'मला' म्हटले की आवडणे, कळणे, दिसणे, हवे असणे यांच्या दारांशी आपण जाऊन उभे राहतो. क्रियापद येते शेवटी, पण त्याची चाहूल पहिल्या प्रत्ययापासून लागते. यामुळेच, 'क्रियापद शेवटी असल्याने आपल्याला समोरच्याचे पूर्ण ऐकून घ्यावे लागते, म्हणून आपली संस्कृती सहिष्णू' हे जे विधान अधूनमधून ऐकू येते, त्यात मला तथ्य वाटत नाही. आपण वाक्य संपण्याआधीच उत्तर देऊ लागतो, हे कोणत्याही विभागीय बैठकीत पाहता येईल.

हा क्रम मनाच्या अधिक जवळचा असावा, असे सुचवणारे काही प्रयोग मात्र आहेत. २००८ मध्ये सुझन गोल्डिन-मेडो आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि तुर्की बोलणाऱ्यांना साध्या घटना न बोलता, केवळ हातवाऱ्यांनी सांगायला लावल्या. भाषा कोणतीही असो, बहुतेकांनी आधी करणारा, मग ज्यावर क्रिया घडते ती वस्तू आणि शेवटी क्रिया असाच क्रम घेतला. इस्राएलमधील नेगेव्ह वाळवंटातील अल-सय्यिद या बेदुईन वस्तीत कर्णबधिर व्यक्तींमुळे गेल्या शतकात एक नवी खूणभाषा आपोआप घडली. २००५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा तीतही क्रिया शेवटी येत असल्याचे आढळले, जरी भोवतालच्या बोलल्या जाणाऱ्या अरबी-हिब्रूंचा क्रम तसा नव्हता. यावरून 'आदिम भाषा मराठीसारखी होती' असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळायला हवा. हातवारे म्हणजे भाषा नव्हे, आणि एक वस्ती म्हणजे मानवजात नव्हे.

शिवाय वैश्विकतेच्या कल्पनेलाच एक गंभीर आव्हान मिळाले आहे. २०११ मध्ये मायकेल डन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रोनेशियन, इंडो-युरोपीय, बांटू आणि उतो-अझ्टेक या चार भाषाकुळांच्या वंशवृक्षांवर पदक्रमातील बदलांचा मागोवा घेतला. ज्या गाठी वैश्विक समजल्या जात होत्या, त्या प्रत्येक कुळात वेगळ्या रीतीने पडतात, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे भाषेचा पदक्रम ठरवण्यात मनाच्या रचनेपेक्षा वंशपरंपरेचा वाटा मोठा. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, वाद अजून चालू आहे. पण आपण ज्या भूमीवर राहतो तेथे वंश आणि मन यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट स्पष्ट दिसते: शेजार.

कोरकूच्याच कुळातील, पण दुसऱ्या शाखेच्या मेघालयातील खासी भाषेत क्रियापद मध्ये येते आणि अव्यय नामाआधी. व्हिएतनामी आणि ख्मेर यांचेही तसेच. त्याच कुळातील मुंडा भाषा मात्र भारतीय उपखंडाच्या मध्यभागी राहून क्रियापद शेवटी ठेवतात. मराठी इंडो-आर्य, गोंडी द्राविडी, कोरकू ऑस्ट्रो-आशियाई. महाराष्ट्राच्या एकाच कोपऱ्यात तीन कुळे राहतात आणि तिन्हींचे वाक्य एकाच रीतीने संपते. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचे मांडले, आणि कॉलिन मासिका यांनी १९७६ च्या पुस्तकात पदक्रमाच्या आधारे त्या क्षेत्राच्या सीमा रेखल्या. याचा सर्वांत जवळचा पुरावा सांगली जिल्ह्यातला आहे. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील एका गावाचे, त्यांच्या लेखनातील 'कुपवार'चे, वर्णन आहे. तेथे कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे शतकानुशतके एकत्र राहत होते. या भाषांची गावातली रूपे परस्परांच्या इतकी जवळ आली होती, की एका भाषेतील वाक्य दुसरीत शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय ठेवून उतरवता यावे. वेगळे राहिले होते ते शब्द. घरातली भाषा ही जातीची, धर्माची ओळख होती. म्हणून शब्द जपले गेले, आणि ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते ती वाक्यरचना मात्र एक होऊन गेली. शुद्धतेचा पहारा शब्दांवर होता. व्याकरण मागच्या दाराने शेजाऱ्यांकडे जाऊन आले होते.

या साऱ्यातून साहित्याच्या अध्यापकाने काय घ्यावे? माझ्यापुरते सांगायचे तर, पदक्रमाविषयी बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, भाषेचा नित्य क्रम. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ग्रंथापर्यंत आपले वैयाकरण ज्याचा शोध घेत आले, तो. दोन, त्या क्रमातून लेखकाने हेतुपूर्वक घेतलेली सूट. विभक्तिप्रत्यय पदांना धरून असल्यामुळे मराठीत ही सूट बरीच आहे, आणि संस्कृतात तर त्याहून पुष्कळ. पदे घडवून मोकळी सोडावीत, त्यांचा संबंध इच्छेनुसार जुळतो, असा विचार पतंजलींनीच महाभाष्यात मांडला आहे. 'आला एकदाचा पाऊस' यात क्रियापद पुढे आले, ते सुटकेच्या निःश्वासासाठी. ओवी-अभंगातील क्रम छंदाच्या सोयीने बदलतो तसा अर्थाच्या भारानेही बदलतो. आणि तीन, दूरान्वय. संबंधित पदे विनाकारण दूर पडल्याने वाचकाला होणारा त्रास. दोष म्हणायचा तो फक्त तिसऱ्याला.

या दृष्टीने पाहिले, तर खरी 'सदोष वाक्यरचना' मेळघाटातल्या मुलांच्या वहीत क्वचित आणि आपल्या समीक्षेत वारंवार आढळते. 'ही अशी कादंबरी आहे जी, ज्या काळात ती लिहिली गेली त्या काळाच्या, ज्याला आपण संक्रमणकाळ म्हणतो, अंतर्विरोधांचे दर्शन घडवते' अशा घाटाची वाक्ये आपण संशोधनपत्रिकांतून नित्य वाचतो. 'जी' हे संबंधी सर्वनाम नामानंतर आणणे हा इंग्रजीचा क्रम. मराठीची जुनी रीत 'जी... ती' अशी जोडी बांधण्याची, किंवा 'संक्रमणकाळात लिहिलेली ही कादंबरी' असे धातुसाधित विशेषण आधी ठेवण्याची. भाषा परक्या रचना घेतात, त्या घेऊन समृद्धही होतात, हे कुपवारने दाखवलेच आहे. पण तेथे देवाणघेवाण बोलणाऱ्यांच्या सोयीने झाली होती. आपल्या समीक्षेत ती वाचणाऱ्याच्या गैरसोयीने होते, आणि तिला विद्वत्तेचे गुण मिळतात. गुणांची ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एक छोटा स्वाध्याय दिला. 'आजीने माझ्या भावाला जुन्या घराची गोष्ट सांगितली' हे वाक्य प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत लिहून आणायचे, देवनागरीत, आणि प्रत्येक शब्दाखाली त्याचा मराठी अर्थ. वऱ्हाडी, हिंदी, उर्दू, गोरमाटी, कोरकू आणि एक गोंडी, अशी वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिली. शब्द वेगळे, प्रत्यय वेगळे. पण उभ्या रेघा मारल्या, तेव्हा आजी आजीखाली आली, गोष्ट गोष्टीखाली, आणि सांगणे सर्वांत शेवटी. धारणीकडची एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत होती. मग तिने विचारले, "मॅडम, मग हा क्रम मुळात कोणाचा? आमचा की तुमचा?"

मी तिला एमेनो यांचे म्हणणे सांगितले, खासी भाषेविषयी सांगितले आणि कोरकूच्या पूर्वजांचा क्रम कदाचित वेगळा असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत, हेही सांगितले. तिने वहीत खासीचे नाव लिहून घेतले आणि पुढच्या तासाला मेघालयाचा नकाशा घेऊन आली. तिच्या वार्षिक प्रकल्पाचा विषय आता कोरकूतील शब्दयोगी अव्यये हा आहे. माहितीसाठी ती आजीशी बोलते, टिपणे मराठीत काढते. त्या टिपणांत लिंगाच्या चुका अजून आहेत, आणि आम्ही दोघी त्या एकेक करून दुरुस्त करत आहोत.